किनाऱ्याला लागल्या वेळचा भाव

बर्फाच्या कारखान्यावरच्या माझ्या खोलीत
जुलैच्या अठ्ठाविसाव्या संध्याकाळी तौसीफ सोलकर येतो.
चपला दाराबाहेर, छत्री बादलीत,
आणि शर्टाच्या आतून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली
दोनशेपानी वही.
खाली कारखाना बंद. मासेमारीला बंदी, तर बर्फ कुणाला हवाय?
फरशी मात्र अजून गार लागते पायाला.

तो परक्या देशांतल्या ॲपमधल्या चुका शोधून देतो.
रात्री. हर्णै झोपलं की रेंज बरी असते.
मोबदला रुपयांत नाही, नाण्यांत,
जी कुणी दाताखाली धरून पाहिली नाहीत,
ज्यांना छापा नाही की काटा नाही.

"मॅडम, पैसे तर विकल्यावर आले.
मग मिळाली त्या दिवशीचं काय धरायचं?"

मी खिडकीतून पुळणीकडे बोट करते.
अब्बांचं पापलेट लिलावात उभं राहतं, तो भाव कधीचा?
"होडी लागली तेव्हाचा."
जाळ्यात होतं तेव्हाचा नाही?
"नाय."
आणि दुसऱ्या दिवशी दापोलीच्या बाजारातला?
"तो घेणाऱ्याचा."
मग झालं. नाणं पाकिटात पडलं त्या घटकेचा भाव लिही.
तेवढी तुझी कमाई.
पुढे चढला, उतरला, ते दुसरं पान.

दुसरं पान.
नोव्हेंबरात तीनशे नाणी, चाळीसच्या भावाने.
फेब्रुवारीत विकली पासष्टला.
नफा साडेसात हजार.
दुसऱ्या जातीची पन्नास, दोनशे चौदाने आलेली,
एकसष्टला गेली.
तोटा सात हजार सहाशे पन्नास.
तो हसतो. "म्हणजे दीडशेचा खड्डा. कर नाही."
मी म्हणते, नफ्यावर तीस टक्के. वर उपकर.
दोन हजार तीनशे चाळीस.
"आणि तोटा?"
तोटा तुझा.
"वजा नाही?"
नाही. पुढच्या वर्षीही नाही.

तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघतो.
एका घरातले दोन भाऊ
एकमेकांशी बोलत नाहीत, तसे ते वहीत शेजारी.
"फाटलेलं जाळं तरी शिवता येतं," एवढंच म्हणतो.
मी रिफिल बदलते.

डिसेंबरच्या पानावर एक ओळ खोडलेली आहे.
हे काय?
"ती गेली."
विकली?
"बुडाली. सुवर्णदुर्गाहून येताना
फोन पडला होडीतून. पाकिटाची किल्ली, बारा शब्द,
त्यातच फोटो काढून ठेवले होते.
सात आठवतात. पहिला नांगर होता.
मीठ होतं कुठंतरी मध्ये."

आली तेव्हा सहा हजार चारशेची होती.
मी अख्खा फॉर्म वर-खाली करते.
विकल्याला रकाना आहे, मिळाल्याला आहे,
बुडाल्याला नाही.

"ही नाही लिहिली तर कुणाला कळेल?"
मी उत्तर देत नाही.
पंख्याखाली वहीची पानं फडफडतात,
पिशवीतलं पाणी टेबलावरून
माझ्या स्टॅम्पपॅडकडे निघालेलं.
खाली कुणीतरी बंद यंत्राचा पट्टा
उगाच एकदा फिरवून बघतं.
"मिळाली होती ना," तो स्वतःशीच म्हणतो.
"घाला."

सगळं भरून झालं. आता ओटीपी.
आधारला नंबर अब्बांचा.
आणि अब्बा खाली, पुळणीवर ओढलेल्या होडीला
निळा रंग देतायत.
एकतीसला बंदी सुटते, एकतीसलाच माझी मुदत,
दोघांनाही तीनच दिवस.

तौसीफ गॅलरीत जाऊन ओरडतो,
"अब्बाऽ, मेसेज आलाय बघा, आकडे सांगा!"
खाली ब्रश डब्यावर आडवा पडतो,
हात लुंगीला पुसले जातात,
आणि लिलावात कसलेला तो आवाज
पावसावरून सरळ वर येतो,
"चार!
शून्य!
नऊ!
पुढला दोन... का सात?
थांब रे, रंग लागलाय काचेला."